जत्रेत ॲम्प पुन्हा पुन्हा बंद पडतो? आधी भोंग्यांची बेरीज करा

तुळशीचं लग्न झालं की सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात, आणि साऊंडची एक ठरलेली तक्रारही सुरू होते. सभामंडपात चार कॉलम (उभे लांबट स्पीकर), अंगणात दोन भोंगे, वाटेवर दोन, खाजाच्या दुकानांकडे आणखी दोन, आणि हे सगळं एकाच ॲम्प्लिफायरवर. संध्याकाळी "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" केलं तेव्हा सगळीकडे छान वाजलेलं असतं. रात्री दशावतार रंगात येतो, पखवाज चढतो, आणि प्रोटेक्टचा, म्हणजे ॲम्प स्वतःला वाचवायला बंद झाल्याचा, लाल दिवा लागून आवाज जातो. थोड्या वेळाने परत येतो, पुन्हा जातो. नाहीतर फ्यूजच उडतो. मागे बसलेली म्हातारी माणसं तर आधीपासूनच सांगत असतात, "पाठी आयकाक येणा नाय!"

मग कमिटी पुढच्या वर्षी मोठा ॲम्प घेते. २५० वॉटच्या जागी ५०० वॉटचा. तोही तसाच बंद पडतो. देवस्थानचा पैसा गावाने वर्गणीतून उभा केलेला असतो, आणि तो असा नको त्या वस्तूवर जाताना पाहून वाईट वाटतं. बहुतेक ठिकाणी ॲम्प धडधाकट असतो. त्याच्यावर लटकवलेला लोड, म्हणजे स्पीकरांचा भार, चुकीचा असतो, आणि तो लोड कागदावर कुणी मोजलेला नसतो.

ॲम्पच्या पाठीमागची पट्टी

आहुजासारख्या पीए ॲम्पच्या मागे स्पीकरसाठी स्क्रूची पट्टी असते. त्यावर कॉमन, ४ ओहम, ८ ओहम, १६ ओहम, ७० व्होल्ट आणि १०० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. निम्मे बिघाड या पट्टीवरच सापडतात, म्हणून तपासणी इथून सुरू करा. बॅटरी लावून नीट बघा: कुठली वायर कुठल्या स्क्रूवर आहे?

सर्वांत जास्त दिसणारी गडबड म्हणजे दोन टॅपिंगवर, म्हणजे वेगळ्या आकड्यांच्या दोन स्क्रूंवर, एकाच वेळी लोड. कॉलम १०० व्होल्टवर आहेत, आणि स्टेजवरच्या कलाकारांना ऐकू यावं म्हणून कुणीतरी घरचा ८ ओहमचा बॉक्स आणून ८ च्या स्क्रूवर जोडलाय. दोन्ही वाजतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण सगळे स्क्रू आत एकाच आऊटपुट ट्रान्सफॉर्मरवर आहेत. ८ च्या स्क्रूवर जोडलेला एकच ८ ओहमचा बॉक्स २५० वॉटच्या ॲम्पचा पूर्ण लोड होतो. त्याच्यावर १०० व्होल्टचे कॉलम म्हणजे उरलेला सगळा लोड फाजील. ॲम्प निम्म्या आवाजावर चालला तर रात्र निभावते, रंग चढला की प्रोटेक्ट लागतो. आणि तो बॉक्स ५० वॉटचा असेल, तर त्याच्याकडे पाचपट ताकद जाण्याची वाट मोकळी असते. कॉईल जळायला एक जोराची शिट्टी पुरते.

एका वेळी एकच टॅपिंग वापरा. स्टेजसाठी वेगळा छोटा ॲम्प लावा, किंवा त्या बॉक्सलाही लाईन ट्रान्सफॉर्मर (१०० व्होल्ट उतरवून स्पीकरला देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बसवून तो १०० व्होल्टच्या हिशेबात घ्या.

याहून वाईट म्हणजे ट्रान्सफॉर्मर नसलेला भोंगा थेट १०० व्होल्टवर जोडणं. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, हा वॉटचा हिशेब. १०० गुणिले १०० भागिले ८, म्हणजे १२५० वॉट. एवढे वॉट ॲम्प देऊ शकत नाही आणि भोंगा घेऊ शकत नाही. दोघांपैकी एक तरी जातोच. जुन्या भोंग्याच्या युनिटमध्ये ट्रान्सफॉर्मर आहे की नाही हे बाहेरून कळत नसेल, तर मागचं झाकण उघडून बघा. दोन वायरी सरळ कॉईलकडे जात असतील तर ते साधं ओहमवालं युनिट.

ओहमवर किती भोंगे, आणि कुठपर्यंत

८ ओहमचे दोन भोंगे समांतर जोडले की ४ ओहम. चार जोडले की २. ओहम जितके कमी तितका ॲम्पवर भार जास्त. पट्टीवर सर्वांत खालचा आकडा ४ आहे, तेव्हा तिसरा भोंगा जोडताक्षणीच ॲम्प त्याच्या मर्यादेपलीकडे गेला. चार भोंगे लावायचेच असतील तर दोन-दोनची जोडी सिरीजमध्ये करा, प्रत्येक जोडी १६ ओहमची होईल, आणि त्या दोन जोड्या समांतर जोडल्या की पुन्हा ८. हिशेब बरोबर आहे, पण जोडीतलं एक युनिट गेलं की दुसरंही मुकं होतं. जत्रेच्या रात्री माडावर चढून कुठलं गेलं हे शोधायला कुणालाच आवडत नाही.

८ आणि १६ ओहमची युनिटं मिसळू नका. समांतर जोडली तर ८ वालं दुप्पट ताकद ओढतं, सिरीजमध्ये नेमकं उलट. मग एक भोंगा ओरडतो, दुसरा पुटपुटतो, आणि कमिटीतला कुणीतरी पुटपुटणाऱ्यासाठी व्हॉल्यूम वाढवायला सांगतो.

डीजेकडचा पॉवर ॲम्प भाड्याने आणला असेल तर आणखी एक बघायचं. त्याला बहुतेक वेळा असं ट्रान्सफॉर्मरचं टॅपिंग नसतं, आणि ब्रिजवर टाकला, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र करून एकाच लोडला जोडले, की प्रत्येक चॅनलला निम्माच ओहम दिसतो. ब्रिजवर ४ ओहम लावले म्हणजे आतल्या प्रत्येक चॅनलवर २ पडले. असा ॲम्प आधी तापतो, पंखा जोरात फिरतो, मग बंद. वासावरूनही कळतं.

ओहमवरची खरी अडचण मात्र वायरीची आहे. मंडपवाल्यांची नेहमीची २३/७६ ची लवचिक वायर पाऊण चौरस एमएमपेक्षाही थोडी बारीक. शंभर मीटर अंतरावर नेली की जाऊन-येऊन दोनशे मीटर तांबं, म्हणजे साधारण ५ ओहम. टोकाला ४ ओहमचा लोड असेल तर निघालेल्या ताकदीतली अर्ध्याहून जास्त वायरमध्येच ऊब होऊन जाते. मागे ऐकू येत नाही याचं हे कारण. इथे ॲम्प मोठा केला तरी त्याची निम्मी ताकद त्याच वायरीत जिरणार. दीड चौरस एमएमची वायर टाकली तर विरोध २.४ ओहमवर येतो, तरीही ४ ओहमच्या लोडला जेमतेम ६२ टक्के पोचते.

आणि वायर खरंच तांब्याची आहे ना, हे सुरीने खरवडून बघा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर सर्रास मिळते. तिचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि खाऱ्या हवेत ती जोडावरच तुटते.

वीस-पंचवीस मीटरच्या घरगुती मंडपात, वास्तुशांतीला किंवा बारशाला, ओहमची जोडणी ठीक आहे. देवळाचं अंगण, शाळेचं मैदान, बंदरावरची जेटी, पालखीची वाट, इथे १०० व्होल्ट लाईनच घ्या. वीज कंपनी ११,००० व्होल्टची लाईन गावापर्यंत आणून डीपीवर का उतरवते? व्होल्ट चढवले की तेवढ्याच ताकदीला करंट कमी लागतो आणि वायरीत कमी जिरतं. १०० व्होल्टवर १०० वॉटचा लोड म्हणजे १०० ओहम. त्याच्यापुढे दीडच्या वायरीचे २.४ ओहम काहीच नाहीत. ९७ टक्क्यांहून जास्त ताकद टोकाला जाते. त्याच बारीक २३/७६ वरसुद्धा ९५ टक्के.

बेरीज

१०० व्होल्ट लाईनचा नियम फार सोपा आहे, आणि तरी तोच पाळला जात नाही. प्रत्येक स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरवर जे वॉटचं टॅपिंग लावलंय त्याची बेरीज करा. ती ॲम्पच्या वॉटच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा. सगळे स्पीकर समांतर. बस.

वरच्याच देवळाचं उदाहरण घेऊ. ॲम्प २५० वॉटचा, म्हणजे ८० टक्के २००. चार कॉलम प्रत्येकी २० वॉटवर, झाले ८०. भोंगे ठरवताना चारच होते, प्रत्येकी ३० वॉटवर, झाले १२०. एकूण २००, लोड ५० ओहम. ॲम्पला १०० व्होल्टवर ४० ओहमपर्यंत चालतं, म्हणजे सगळं मजेत. मग दुकानवाले म्हणाले, आमच्याकडेही दोन भोंगे वाढवा. आणखी ६० वॉट. बेरीज २६०. लाल दिव्याचं कारण सापडलं.

इथे ॲम्प बदलायची गरज नाही. माणसांच्या अगदी जवळ असलेल्या चार भोंग्यांचं टॅपिंग ३० वरून १५ वर आणा, लांबचे दोन ३० वरच ठेवा. ६० अधिक ६०, पुन्हा १२०. कॉलमांसकट पुन्हा २००. वॉट निम्मे केल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, आणि जवळ बसलेल्या माणसाला तो फरक जेमतेम जाणवतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर ६ डेसिबल जातात, म्हणून लांबवर पोचवायला एका भोंग्याची ताकद वाढवण्यापेक्षा तो माणसांजवळ नेणं नेहमी स्वस्त पडतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देवळाच्या दारातला एक भोंगा कानठळ्या बसवणारा ठेवून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं, या हट्टापायी पुढे बसणाऱ्या लहान मुलांचे कान दुखतात.

कायद्याचाही कल तिकडेच आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. सणाउत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज आसपासच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतला जो कमी असेल त्याच्या आत हवा. कमी वॉटचे जास्त स्पीकर लावले तर प्रेक्षकांना स्पष्ट ऐकू येतं आणि शेजारच्या वाडीत कमी जातं.

टॅपिंग बदलताना ट्रान्सफॉर्मरवरचे आकडे नीट वाचा. काहींवर ७० आणि १०० व्होल्टचे वॉट वेगवेगळे छापलेले असतात. १०० साठी ३० वॉट असलेलं टॅपिंग ७० च्या लाईनवर १५ वॉटच घेतं. उलट केलंत, म्हणजे ७० साठीचं टॅपिंग १०० वर जोडलंत, तर ते दुप्पट ओढतं, आणि कागदावरची बेरीज बरोबर असूनही ॲम्प पडतो.

पखवाजाच्या थापेला बंद पडतो, बोलताना पडत नाही

हे लक्षण वेगळं. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, तर हमखास दिसतं: बुवा बोलतात, गातात, तोवर ठीक, गजर चढला, पखवाजाची भरदार डावी थाप पडली, की प्रोटेक्ट. बेरीज ८० टक्क्यांच्या आत आहे, जोड चांगले आहेत. मग दोष ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात आहे.

छोटा लाईन ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांसाठी बनवलेलाच नसतो. साधारण १०० हर्ट्झच्या खाली जोराचा सिग्नल आला की त्याचा लोखंडी गाभा भरून जातो, मग गुंडाळीचा साधा तारेचा विरोध तेवढा उरतो, आणि ॲम्पला क्षणभर जवळजवळ शॉर्ट दिसतो. दहा स्पीकर एकदम असं करतात तेव्हा ॲम्पने स्वतःला वाचवणं योग्यच आहे. भोंग्याच्या बाजूनेही या सुरांचा उपयोग शून्य. तो खालचे सूर वाजवू शकत नाही, त्याचा पडदा मात्र हादरून फाटतो.

पहिला उपाय फुकट आहे. मिक्सरवर प्रत्येक माईकच्या चॅनलला लो-कटचं बटण असतं, बहुतेकांवर ८० किंवा १०० हर्ट्झचं. ते दाबा. ॲम्पवरचा बासचा नॉब मध्याच्या डावीकडे न्या. पखवाजाच्या माईकवर बास वाढवायचा मोह होतो, कारण कानाला तो भरीव लागतो. भोंग्यावर तो भरीवपणा येतच नाही, फक्त ॲम्पवर भार येतो. पखवाज खरंच भरीव ऐकवायचा असेल तर स्टेजजवळ वेगळ्या ॲम्पवर एक बास बॉक्स ठेवा.

दुसरा उपाय प्रत्येक भोंग्याला, ट्रान्सफॉर्मरच्या १०० व्होल्टच्या बाजूला, सिरीजमध्ये एक कपॅसिटर. इथे छताच्या पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चांगला उपयोगी पडतो: तो एसीचा असतो, ४४० व्होल्टचा असतो, आणि कुडाळ, कणकवली, मालवणात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. ३० वॉटचं टॅपिंग म्हणजे ३३३ ओहम, त्याच्याशी २.५ मायक्रोफॅरड मिळून साधारण १९० हर्ट्झच्या खालचं उतरू लागतं. १५ वॉटच्या टॅपिंगला १.५ मायक्रोफॅरड घ्या, म्हणजे १६० च्या आसपास येतं. अधिक-उणे खुणा असलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इथे वापरू नका, तो फुटतो.

खारी हवा, दंव आणि जोड

किनाऱ्यावरच्या गावांत, वेंगुर्ल्यापासून गुहागरपर्यंत, वरचं सगळं बरोबर करूनही आवाज खरखरतो किंवा एकेक भोंगा मुका होतो. पहाटे दंव पडल्यावर जास्त. वायर पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड उघडा. आत तांबं हिरवं पडलेलं दिसेल. तो हिरवा थर वीज नीट जाऊ देत नाही, आणि टेपच्या आत साचलेलं खारं पाणी दोन तारांमध्ये गळती करतं. वाऱ्याने वायर हलली की उघडे पिळे एकमेकांना टेकतात आणि सगळी लाईन शॉर्ट होते. संध्याकाळी टेस्टिंगला वारा पडलेला असतो, म्हणून तेव्हा कळत नाही.

हिरवी वायर कापूनच टाका, घासून पुन्हा जोडू नका. चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे जा. जोडाला डाग (सोल्डर) द्या किंवा स्क्रूचा कनेक्टर वापरा, वर व्हॅसलीनचा हात फिरवा, आणि जोड प्लास्टिकच्या डबीत ठेवा. डबीत वायर खालच्या बाजूने घाला, आणि आत जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, डबीत शिरत नाही. माडाला वायर सुंभाने बांधा, खिळा मारू नका.

१०० व्होल्टची लाईन हाताला झटका देते. ती घरगुती विजेइतकी नसली तरी ओल्या हाताने, शिडीवर उभं राहून लागलेला झटका माणसाला खाली पाडायला पुरेसा आहे. जोड उघडताना ॲम्प बंद, आणि ॲम्पजवळ एक जबाबदार माणूस उभा. ॲम्पचं अर्थिंगही बघा: जांभ्या दगडात पाणी टिकत नाही, फाल्गुनात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत असतो. जत्रेच्या आधी त्यात पाणी ओता.

फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालू नका. रात्र निभावते खरी, पण पत्र्याच्या आणि झापांच्या मांडवात तापलेली वायर काय करेल याचा विचार करा.

रात्री अकरा वाजता बंद पडला तर

लाईनी आधीच वेगळ्या आणून ठेवल्या असतील तर शोध पाच मिनिटांचा आहे. सभामंडप, अंगण, वाट, दुकानं अशा चार लाईनी ॲम्पपर्यंत स्वतंत्र आणा आणि कनेक्टर पट्टीवर प्रत्येकीला नाव लिहा. बंद पडला की ॲम्प बंद करून दोन लाईनी काढा. चालला तर दोष काढलेल्या दोघींत. त्यातली एक परत जोडा. नाटक सभामंडपाच्या लाईनवर चालू राहतं आणि तुम्ही बाहेरचं शांतपणे शोधता. सगळे भोंगे एका लांब वायरीवर एकामागून एक जोडले असतील तर मात्र अंधारात बॅटरी घेऊन प्रत्येक माडाखाली जावं लागतं.

मल्टिमीटरबद्दल एक सांगायला हवं. ८ ओहमचा साधा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो, ते ठीक आहे. पण सिरीजमध्ये कपॅसिटर नसलेल्या १०० व्होल्टच्या लाईनवर मीटर लावला तर हिशेबातले ५० ओहम दिसणार नाहीत; फार कमी दिसेल, कारण मीटर फक्त गुंडाळीच्या तारेचा विरोध मोजतो. ते बघून लाईन शॉर्ट आहे असं समजू नका. सगळं नीट चालत असताना अशा प्रत्येक लाईनचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच्याशी ताडून बघा. आकडा एकदम खाली आला तर शॉर्ट, अचानक वर गेला तर कुठेतरी जोड सुटलाय. कायमचं काम करणाऱ्याने १ किलोहर्ट्झवर मोजणारा इम्पिडन्स मीटर घ्यावा, तो खरा लोड दाखवतो.

चारही लाईनी काढल्यावरही लाल दिवा जात नसेल, तर आवाज शून्यावर ठेवून ८ च्या स्क्रूवर खात्रीचा एकच ८ ओहमचा स्पीकर जोडा आणि हळूहळू वाढवा. तेवढ्यावरही प्रोटेक्ट लागला किंवा आवाज फाटका आला, तर आता दोष खरोखर ॲम्पमध्ये आहे, तो दुरुस्तीला द्या. देताना कुठल्या लाईनवर किती वॉट लावले होते तो कागदही बरोबर द्या, म्हणजे मेकॅनिकला आऊटपुटचे ट्रान्झिस्टर का गेले ते कळेल.